उपाशी ठेवता, तर कारणही सांगा!

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशीच्या जामीन अर्जाचे कागद आम्ही लावत बसलो होतो, तेवढ्यात भाचीचा फोन आला. जिल्ह्याच्या ठिकाणी ती सरकारी दवाखान्यात दाखल होती. पहिले बाळंतपण, बाळ पायाळू, म्हणून डॉक्टरांनी सिझरची तारीख आधीच ठरवून दिलेली. "मामा, सिस्टर म्हणाल्या बारानंतर पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही. उद्या नंबर कधी लागेल ते कुणी सांगत नाही. मी राहीन हो उपाशी, पण बाळाचं काय? आत त्याला काही झालं तर?"

पोरगी ऑपरेशनला घाबरलेली नव्हती. ती धास्ती तिने आठ दिवसांपूर्वीच पचवली होती. ती घाबरली होती उपाशी राहण्याला, आणि छाती धडधडते, झोप येत नाही, असे सांगताना तिचा आवाज कापत होता.

हे ऐकून कुणी हसेल. एका रात्रीच्या उपाशीपणाचे ते काय, असे म्हणणारे वॉर्डात आणि घरातही भेटतात. आम्हाला हसू आले नाही, कारण ही भीती कुठून येते हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या आईने, म्हणजे या पोरीच्या आजीने, १९७२ च्या दुष्काळात पोटुशी असताना रोजगाराच्या कामावर खडी फोडली आहे आणि सुकडीवर दिवस काढले आहेत. दोन जिवांच्या बाईला उपाशी ठेवू नये, हे तिच्या दृष्टीने भोगून मिळवलेले ज्ञान आहे. ज्यांच्या घरात भूक ही तीन पिढ्यांची ओळखीची बाई आहे, त्या घरातल्या लेकीला "काही खाऊ नको" एवढेच सांगून सिस्टर पुढच्या खाटेकडे वळली, तर तिच्या पोटात गोळा येणारच.

आईने फोन हातात घेतला आणि विचारले, "आपल्या घरातले उपास छप्पन साली सुटले. आता दवाखान्यात कसला उपास लावलाय?"

म्हातारीच्या या प्रश्नात आमच्या मते सगळा मुद्दा आहे. हा उपास नव्हे. यात देव नाही, पुण्य नाही, नवस नाही. देहाला उपाशी मारून काही मिळत नाही हे ओळखून सिद्धार्थाने सुजाताची खीर घेतली, ही गोष्ट आपल्या विहारातल्या लहान पोरांनाही माहीत असते. ऑपरेशनआधी पोट रिकामे ठेवणे ही वैद्यकशास्त्राची खबरदारी आहे, तिला कारण आहे आणि तिला घड्याळ आहे. पण ज्या क्षणी कारण आणि घड्याळ दोन्ही काढून घेऊन नुसता हुकूम उरतो, त्या क्षणी त्याच शास्त्राचे व्रत होते. आणि "का?" असे विचारल्याशिवाय व्रत पाळायचे नाही, हे तर आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे.

मग कारण काय? भूल दिल्यावर माणसाचा घसा जागा राहत नाही. पोटात अन्न असेल आणि ते वर आले, तर श्वासनलिकेत उतरू शकते. गरोदरपणात हा धोका वाढतो, कारण पिशवीने जठर वर ढकललेले असते आणि अन्ननलिकेच्या तोंडाची झडप ढिली पडलेली असते. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली याचा हिशेब मांडला. १९३२ ते १९४५ या काळातल्या ४४,०१६ बाळंतपणांमध्ये ६६ बायकांच्या फुफ्फुसात पोटातला ऐवज गेल्याचे त्यांना आढळले, आणि त्यातल्या दोघी घन अन्नाने श्वास कोंडून दगावल्या. तेव्हा बाईला पूर्ण बेशुद्ध करीत. आता बहुतेक ठरवून केलेल्या सिझरमध्ये पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचाच भाग बधिर करतात, बाई जागी असते, बाळाचे पहिले रडणे ऐकते. तरीही ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागू शकते, म्हणून पोट रिकामे हवे.

आता घड्याळ. 'रात्री बारानंतर काही नाही' हा नियम वॉर्डाच्या सोयीचा आहे, शास्त्राचा नाही. हलके जेवण ऑपरेशनच्या सहा तास आधीपर्यंत, तेलकट-जड जेवण त्याहून आधी, आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत, असे भूलतज्ज्ञ सांगतात. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली बाळंतपणासाठीच्या आपल्या सूचनांत लिहिले की, काही गुंतागुंत नसलेल्या बाईला ठरवून केलेल्या सिझरपूर्वी दोन तासांपर्यंत थोडे पाणी किंवा तसेच पातळ, गाळीव पेय चालते. बिनदुधाचा चहा त्यात बसतो. दूध बसत नाही, दुधाचा चहाही बसत नाही, दूध पोटात अन्नासारखेच वागते. पण आपल्या बाईपुरता शेवटचा शब्द तिला भूल देणाऱ्या डॉक्टरांचा. साखरेचा आजार असेल, रक्तदाब असेल, पित्त सारखे वर येत असेल, तर तिचे घड्याळ वेगळे असू शकते.

आणि बाळ? निरोगी आईच्या शरीरात साखरेचा साठा असतो. काही तासांच्या उपाशीपणात तो साठा वापरला जातो आणि वारेतून बाळाला त्याचे मिळत राहते. हे एक वाक्य आमच्या भाचीला कुणीतरी संध्याकाळी सांगितले असते, तर साडेनऊला फोन आला नसता.

आम्ही तिला म्हणालो, "बाई, सिस्टरला तीनच गोष्टी विचार. माझा नंबर साधारण किती वाजता? पाणी किती वाजेपर्यंत चालेल? उशीर झाला तर मला कोण सांगणार?" ती म्हणाली, "ओरडतील." आम्ही म्हणालो, "ओरडू दे, पण विचार." तिने विचारले. सिस्टर ओरडल्याही. पण रात्रपाळीच्या भूलतज्ज्ञ मॅडम फेरीवर आल्या, त्यांनी पाच मिनिटे खाटेजवळ उभे राहून सगळे सांगितले. सकाळी नऊला केस, सातपर्यंत घोट घोट पाणी, तोंड सुकले तर चूळ भरून टाकायची, चक्कर आली, घाम फुटला, हात थरथरले तर लगेच सांगायचे, रक्तातली साखर बघू. मशेरी लावत असशील तर सकाळी बंद, हेही त्यांनी विचारून घेतले. पाच मिनिटे! त्यानंतर पोरगी श्वास मोजत पडली आणि झोपली. आनापान ती धम्म शिबिरात शिकली होती. आमच्यातल्या काहींना विपश्यनेचे नाव काढले की राग येतो, तो वाद वेगळा. श्वास मोजायला कुणाची परवानगी लागत नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. सकाळी नऊच्या आधी एक तातडीची केस आली, मग दुसरी. नऊचे अकरा झाले, अकराचे साडेबारा. याबद्दल डॉक्टरांना आम्ही दोष देणार नाही. रक्तस्राव होणारी बाई आधी, हे आम्हालाही समजते. आमची तक्रार एवढीच की, खाटांवर पाच बाया उपाशी पडलेल्या असताना एकीलाही कुणी येऊन सांगितले नाही की उशीर होणार आहे, तोवर पाणी घ्या.

शेजारच्या खाटेवर एक पोरगी होती, असेल बाविशीची. तिच्या सासूने सकाळी सात वाजता पदराआडून तिला दुधाचा चहा आणि दोन बिस्किटे दिली होती. सासू वाईट नव्हती, तिला नातवाची काळजी होती. भूलतज्ज्ञांनी विचारले, "काही खाल्लंस?" पोरीने सासूकडे पाहिले आणि मान हलवली, नाही. आमच्या ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, हे पाहिले होते. ती उठून त्या पोरीच्या खाटेवर बसली, हात धरला आणि म्हणाली, "बाई, ओरडणं सोसता येतं. सांगून टाक." पोरीने सांगितले. मग जे व्हायचे ते झाले. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात तिचा आणि सासूचा उद्धार झाला, 'तुम्हा लोकांना' अक्कल नाही इथपर्यंत. तिची केस दुपारनंतर घेतली.

आम्ही वकील आहोत, खोटे का बोलले जाते हे आम्ही रोज कोर्टात पाहतो. माणूस बहुतेक वेळा भीतीने खोटे बोलतो. त्या वॉर्डात ओरडण्याच्या भीतीने एक पोरगी खोटे बोलली, आणि ते खोटे तिच्या फुफ्फुसात उतरू शकले असते. तेव्हा ओरडणाऱ्यांनी समजून घ्यावे की, त्यांचा आवाज हासुद्धा ऑपरेशनमधला एक धोका आहे.

कायदा काय म्हणतो? समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले की, संमती म्हणजे कागदावरची सही नव्हे. उपचार काय आहे, कशासाठी आहे, धोका काय, पर्याय काय, याची पुरेशी माहिती रुग्णाला देऊन घेतलेली ती संमती. त्या खटल्यात आईने दिलेली संमती चालली नाही, कारण रुग्ण बाई स्वतः सज्ञान होती. आणि आपल्या वॉर्डात अजून "नवरा कुठाय? सही करा" हाच पुकारा! आमच्या जावयाने कागद भाचीपुढे धरला, वाच म्हणाला, मग तिने सही केली. हा निकाल उपाशी राहण्याबद्दल नव्हता, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. पण ज्या ऑपरेशनची माहिती द्यायची, त्याची तयारी त्यात येत नाही असे कोण म्हणेल? केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतिकक्ष आणि प्रसूतीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये बाईला सन्मानाने वागवण्याचे लिहिले आहे. १ जून २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात सिझर मोफत आहे आणि सिझरनंतर सात दिवसांपर्यंत जेवणही मोफत आहे. उपाशी ठेवण्याचा हुकूम प्रत्येक बाईला मिळतो. नंतरच्या जेवणाचा हक्क किती जणींना सांगितला जातो?

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेब प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा बाळंतपणाआधीची विश्रांती हा राष्ट्राच्या हिताचा विषय आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा, असे त्यांनी मांडले. गिरणीत राबणाऱ्या बाईची ती बाजू होती. त्या बाईची पणती आज सरकारी वॉर्डात खाटेवर आहे.

आपल्या वस्तीतही काम आहे, ते फक्त सरकारवर ढकलून चालणार नाही. वर्षावासात विहारात महिला मंडळ जमते, तिथे आठवा-नववा महिना लागलेल्या लेकी आणि त्यांच्या सासवा यांना एकत्र बसवून आशाताईकडून हे समजावून घ्या. सासवांना वगळू नका, पदराआडचा चहा त्यांच्याकडूनच येतो. दुसरी चूक उलटी असते. काही पोरी भीतीपोटी आदल्या दुपारपासूनच खाणे सोडतात आणि वीस-वीस तास उपाशी राहतात. रात्री वेळेत वरण-भात, भाकरी-भाजी नीट जेवायचे, फक्त जड आणि तेलकट नको. जिला आधीपासूनच घाबरण्याचा त्रास आहे, धडधड थांबत नाही, श्वास अडकल्यासारखा होतो, तिने ते तपासणीच्या दिवशीच डॉक्टरांना सांगावे. त्यात लाज नाही. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फोनवर समुपदेशक बोलतात.

त्या दिवशी साडेबाराला ताई सिस्टरच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. भांडली नाही. "माझ्या लेकीचा नंबर आता कधी, आणि तोवर तिनं पाणी प्यायचं का?" एवढेच विचारले. आतून निरोप आला, तीनला घेऊ, एकपर्यंत पाणी द्या. ताईने भाचीला पाणी दिले आणि उरलेल्या चार खाटांवरही जाऊन सांगितले की, तुम्हीही विचारा.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी मुलगी झाली. दोन किलो आठशे ग्रॅम. संध्याकाळी डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आमच्या आईने नातीला चमच्याने पाणी पाजले, चमचा पुसून ठेवला आणि सिस्टरकडे वळून विचारले, "बाई, आता चहा किती वाजता?" सिस्टरने घड्याळाकडे पाहिले आणि वेळ सांगितली.