डबल ओवाला पांडू

बदलापूर वेस्टला उतरून रिक्षावाल्याला ‘बेलवली’ म्हटलं की तो दुसरा प्रश्न विचारत नाही. तोच शब्द इंग्लिशमध्ये लिहायला सांगा, मग बघा गंमत! माझ्या लाइट बिलावर एक स्पेलिंग, पासबुकात दुसरं, आणि कुरिअरच्या पाकिटावर जे काही असतं त्यावरून पार्सल माझ्यापर्यंत पोचतं कसं, हा संशोधनाचा विषय आहे.

त्यामुळे मैत्रिणीच्या ओळखीने मॉरिशसहून आलेल्या पाहुणीने माझ्यासमोर एक कागद ठेवला तेव्हा मी हसलेच. गावाच्या रकान्यात लिहिलं होतं: बी, ई, एल, ओ, डब्ल्यू, एल, वाय. जिल्हा: टी, ए, डबल एन, ए, एच. टान्ना! म्हणजे आपलं ठाणं. साहेबाच्या जमान्यात ठाण्याचं स्पेलिंग असंच व्हायचं. आणि वर्ष होतं १८५४.

पाहुणी तिशीची, तिकडे बँकेत नोकरीला. घरी क्रिओल, शाळेत फ्रेंच आणि इंग्लिश, मराठी फक्त आरतीपुरतं. पण गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते हे तिने असं काही सांगितलं, की आपल्यालाच दोन दिवसांच्या रजेसाठी बॉसचे पाय धरावे लागतात याची लाज वाटली.

तिचा खापरपणजोबा का त्याच्याही आधीचा कुणी (सहा पिढ्या मोजताना आम्ही दोघी दोनदा चुकलो) बावीसाव्या वर्षी मुंबईहून बोटीत बसला. ऊसमळ्यावरचा गिरमिटिया. १८३४पासून पुढे साडेचार लाखांवर माणसं भारतातून अशी मॉरिशसला गेली. पोर्ट लुईला ती ज्या घाटावर उतरायची, त्या अप्रवासी घाटाला २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. आलेल्या प्रत्येकाची नोंद व्हायची: नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव आणि एक नंबर. ते दप्तर आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे. वंशजांना तिथून उतारा मिळतो. तोच हा कागद.

आता लोचा इथे आहे. पाहुणीचं आडनाव पी, ए, एन, डी, डबल ओ. ती ते फ्रेंच नाकातून ‘पाँदू’ म्हणते. बेलवलीत या आडनावाची माणसं शोधायची, असा तिचा साधासरळ प्लॅन होता. मी म्हटलं, बाई गं, हे आडनावच नाही. हा पांडू! तिच्या पूर्वजाचं स्वतःचं नाव. नोंदणीच्या टेबलावर आडनाव कुणी विचारलंच नाही आणि पुढे पोराबाळांच्या दाखल्यांवर बापाचं नावच आडनाव होऊन बसलं. तिकडे अनेक वर्षं मंत्री राहिलेल्या शीलाबाई बापूंचं आडनाव बघा. बी, ए, डबल पी, डबल ओ. कधी काळी कुणाच्या तरी घरात एक बापू होता, आणि तो आता सगळ्या खानदानाच्या पासपोर्टवर आहे.

हा उद्योग फक्त आपल्याच लोकांच्या वाट्याला आला असं नाही. १७०९ साली जर्मनीच्या पॅलॅटिनेट भागातून निघालेली तीनेक हजार माणसं आयर्लंडला पोचली, बरीचशी लिमरिकच्या बाजूला वसली. तिथे श्वाइत्झरचा स्विट्झर झाला. पुढे डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवर स्विट्झर नावाचं मोठं दुकान चालायचं. आत खरेदी करणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या पाटीमागचं जर्मन नाव ऐकू येत असेल? पण तिथे निदान आडनावाचा आवाज तरी शिल्लक राहिला. आपल्याकडे आडनावच बंदरावर राहिलं.

रविवारी सकाळी तिला घेऊन गावठाणात गेले. मतदार यादी, सात-बारा वगैरे डोक्यात होतं, पण आधी माणसं. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या एका आजींना सगळी कथा सांगितली. ‘पाँदू’वर त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बापाचं नाव काय त्याच्या?”

पाहुणीने कागद बघून वाचलं, “एस्सू.” ई, डबल एस, डबल ओ. शेजारच्या कॉलेजवाल्या पोराने लगेच डोकं चालवलं, “ख्रिश्चन असतील, येशू!”

आजींनी सुपातून मान वर केली. “येसू रे, मेल्या. येसू! माझ्या सासऱ्याचा चुलता येसूच व्हता.”

पाहुणीला मराठी कळत नाही, पण तो शब्द तिने पकडला. “येसू,” ती म्हणाली. मग आजींनी म्हणावं, तिने म्हणावं, असं चार-पाच वेळा चाललं. शेवटी तिने मोबाइल काढून आजींचा आवाज रेकॉर्ड केला. मला उगाचच भरून आलं, म्हणून मी तांदळातले खडे बघत बसले.

चला, पांडू सापडला! असं लिहून कॉलम संपवता आला असता तर किती बरं झालं असतं. पण त्या काळी दर दुसऱ्या घरात एक येसू असायचा. उताऱ्यावर जात ‘मराठा’ आहे, तिचाही उपयोग बेताचाच. साहेबाच्या लेखी मराठी बोलणारा कुणीही त्या शब्दात बसायचा. आणि घरी येऊन नकाशा उघडला तर पनवेल तालुक्यातही एक बेलवली. पनवेल आज रायगडात, पण १८८३पर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणजे टान्नातली बेलोली ही किंवा ती. आली का पंचाईत!

हे तिला सांगायचं की नाही, यावर मी चहाचे दोन कप घालवले. सकाळपासून ती ओट्याचे, विहिरीचे, आजींच्या हातांचे फोटो आईला पाठवत होती. तिकडून आईचे रडके व्हॉइस मेसेज येत होते. गप्प बसले असते तर कुणाचं काय बिघडणार होतं? ओसीआय कार्डासाठी तिला गाव लागतही नव्हतं. मार्च २०२४मध्ये भारताने मॉरिशसच्या सातव्या पिढीपर्यंत ते खुलं केलंय, ही तर सहावी.

सांगितलं. ती बराच वेळ नकाशाकडे बघत राहिली. मग तिने पनवेलला कॅबला किती पडतात ते विचारलं.

निघण्याआधी मी तिला दोन गोष्टी लिहून दिल्या. एक, जुने जमिनीचे कागद मोडीत निघतील, वाचणारा सोबत घे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत, तेव्हा पांडू कसाही लिहिलेला असेल. दोन, मॉरिशसच्या दाखल्यांवर त्याचा नंबर शोध. स्पेलिंग दर पिढीला बदललं असेल, नंबर तोच राहतो. त्यावरून त्याच बोटीने आलेले, त्याच गावचे आणखी कुणी होते का ते बघता येईल. चार जणांच्या गावाची चार स्पेलिंगं मिळाली तर खरा उच्चार कळायची शक्यता जास्त.

सोमवारी रात्री पनवेलहून मेसेज आला. तिथेही एका घरात येसू निघाला आहे.