अनामत : ठेव की मिळकत?

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत मधुमेहापासून वैद्यकीय नीतिमत्तेपर्यंत अनेक विषयांवर अभ्यासपूर्ण लेख येत असतात. या वेळी थोडा निराळा, परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घराशी निगडित असा विषय मांडण्याची अनुज्ञा मी वाचकांकडे मागतो. भाडेकरू घर सोडून जातो तेव्हा त्याची अनामत रक्कम परत करणे, हा तो विषय होय.

हैदराबादेत या रकमेला सारेच 'अ‍ॅडव्हान्स' म्हणतात. मला वाटते, निम्मा घोटाळा या शब्दातच आहे. आगाऊ मिळालेले पैसे म्हणजे आपलेच झाले, असा त्यातून ध्वनी निघतो. 'अनामत' हे मात्र अरबी 'अमानत'चे मराठी रूप. विश्वासाने दुसऱ्याजवळ ठेवलेली वस्तू, हा त्याचा अर्थ. ती सांभाळणारा विश्वस्त असतो, धनी नव्हे.

हा विचार परका नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ठेवींविषयी स्वतंत्र प्रकरण आहे आणि याज्ञवल्क्य स्मृतीतही आहे. या स्मृतीवरील 'मिताक्षरा' ही विख्यात टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी नगरीत लिहिली. ते कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग. ठेवीचा धर्म सांगणारा ग्रंथ असा आपल्या अंगणात जन्मला. आचरणाचे काय, हा प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे उत्तर देताना मला आधी स्वतःकडे पाहावे लागते. पदव्युत्तर शिक्षणासाठी नांदेडहून या शहरात आलो, तेव्हा काचीगुड्याजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. त्या सोडताना घरमालकांनी चुना-रंगाच्या नावाखाली अर्धी अनामत कापून घेतली. विद्यावेतनावर जगणाऱ्याला तो फटका मोठा होता. त्याविषयी मी पुढे कित्येक वर्षे तावातावाने बोलत असे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावर लातूरकडचे एक तरुण दांपत्य राहत होते. दोघेही संगणक क्षेत्रात. त्यांनी घर सोडले तेव्हा प्रथेप्रमाणे एका महिन्याचे भाडे मी रंगकामासाठी कापले. "असू द्या, काका," एवढेच तो मुलगा म्हणाला. पुढच्या आठवड्यात नवा भाडेकरू आला, त्याला घर आहे तसे पसंत पडले आणि रंग काही दिला गेला नाही. दोन-तीन महिन्यांनी हिशेबाची वही पाहताना सौभाग्यवतींनी विचारले, "रंगाचे पैसे घेतलेत, पण रंग कुठे दिलात?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. ती रक्कम मी त्या मुलाच्या खात्यात परत भरली. परंतु हा प्रश्न विचारला गेला नसता, तर मी ती भरली असती का? प्रामाणिकपणे सांगायचे, तर नाही.

मी वाईट मनुष्य होतो म्हणून हे घडले नाही. पैसे माझ्या हाती होते, किती कापायचे हे मीच ठरवणार होतो आणि समोरच्याला सामान हलवण्याची घाई होती. वादी, न्यायाधीश आणि खजिनदार एकच असेल, तर सज्जन मनुष्याकडूनही अन्याय घडतो.

कायदा काय म्हणतो, हेही पाहू. आपल्याकडील इमारतींच्या भाडेनियंत्रणाचा कायदा १९६० सालचा. त्यात एका महिन्याच्या भाड्याहून अधिक आगाऊ रक्कम घेण्यास मनाई आहे. गुडूर येथील मॉडर्न हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली असा निर्णय दिला की, मर्यादेबाहेरची रक्कम मालकाच्या हाती असताना भाडे थकले म्हणून भाडेकरूला बाहेर काढता येणार नाही. परंतु २००५ च्या दुरुस्तीनंतर महानगरपालिका क्षेत्रात दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागा या कायद्याबाहेर गेल्या. आज या शहरात त्या भाड्यात काय मिळते, हे सांगावयास नको. बाकीच्यांना १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आणि आपसातील करारपत्र, एवढाच आधार. वाजवी वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, हे तत्त्व त्या जुन्या अधिनियमातही नमूद आहे. मात्र दोन महिन्यांच्या भाड्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी कोण चढणार?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा संमत केला. निवासी जागेसाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचे भाडे अनामत घ्यावे आणि रास्त वजावट करून ती जागेचा ताबा परत घेण्याच्या दिवशीच द्यावी, असे त्यात म्हटले आहे. परंतु तो राज्यांसाठी नमुना आहे. तो स्वीकारणे राज्यांच्या इच्छेवर आहे.

आपले अनेक सहव्यवसायी इंग्लंडमध्ये प्रशिक्षण घेऊन आले आहेत. तेथे ६ एप्रिल २००७ पासून वेगळी रीत आहे. घरमालकाने घेतलेली अनामत शासनमान्य योजनेत सुरक्षित करावी लागते. आज त्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ती चुकवली, तर न्यायालय अनामतीच्या एक ते तीन पट भरपाई देववू शकते. वजावटीवर मतभेद झाला, तर त्रयस्थ व्यक्ती पुरावे पाहून विनाशुल्क निवाडा देते. इंग्रज घरमालक आपल्याहून अधिक सात्त्विक असतात, असे मानण्याचे कारण नाही. तेथे निर्णय एकट्या मालकाच्या हाती ठेवलेला नाही, इतकेच.

आता दुसरी बाजू. घरमालक म्हणतात, "भाडेकरू तरी कुठे सरळ असतात? शेवटचे दोन महिने भाडे देत नाहीत, अ‍ॅडव्हान्समधून कापून घ्या म्हणतात. नंतर विजेचे बिल आणि फुटलेले बेसिन आमच्या गळ्यात." ही तक्रार खरी आहे. परंतु अनामत परत मिळणार नाही, या भीतीनेच भाडेकरू भाडे थांबवतो आणि तो थांबवील, या भीतीने मालक अधिक अनामत मागतो. एकाचा अविश्वास दुसऱ्याच्या अविश्वासाला खतपाणी घालतो. हे चक्र कोणीतरी प्रथम थांबवले पाहिजे आणि पैसे ज्याच्या हाती आहेत, त्यानेच ते थांबवणे न्याय्य होय.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. आपण रुग्णाला दाखल करताना केसपेपर लिहितो, घरी पाठवताना डिस्चार्ज कार्ड देतो. घराचेही तसेच करावे. घर देताना भिंती, नळ, पंखे, दारे यांची स्थिती लिहून, छायाचित्रे काढून दोघांनी स्वाक्षऱ्या कराव्यात. अनामत धनादेशाने किंवा बँकेमार्फत घ्यावी, पावती द्यावी आणि ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. थकलेले भाडे, वीज-पाण्याची देणी आणि प्रत्यक्ष मोडतोड, एवढ्याच गोष्टी वजा कराव्यात, त्याही बिले दाखवून. वयोमानाने पिकलेले केस आणि रोग यांतला भेद आपल्याला शिकवावा लागत नाही. उन्हाने विटलेला रंग आणि लाथेने फुटलेले दार यांतही तोच भेद आहे. किल्ल्या हाती येतील त्या दिवशी रक्कम द्यावी. विजेचे शेवटचे बिल यायचे असल्यास तेवढ्यापुरते पैसे राखून बाकीचे परत करावेत.

आपल्यापैकी जे दवाखान्यासाठी जागा भाड्याने घेतात, त्यांनीही स्वतः बसवलेले पार्टिशन, बेसिन, वातानुकूलन यंत्र कोणाचे, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे. आपण कधी भाडेकरू असतो, कधी घरमालक. नियम मात्र दोन्ही वेळी एकच असावा.

मराठवाडा-विदर्भातून आजही मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी या शहरात येतात आणि मराठी घराची पाटी पाहून विश्वासाने जिना चढतात. जाताना त्यांच्या हाती त्यांची अनामत पूर्ण पडावी. ते आपले औदार्य ठरणार नाही, कारण ती रक्कम कधी आपली नव्हतीच.