मुंबईस उतरावें कोठें?

दिवाळी आटोपली, भात घरांत आलें, कीं महाड-पोलादपूर भागांतील घरांघरांतून मुंबईच्या वाऱ्या सुरू होतात. कोणाची प्रकृति दाखवावयाची असते, कोणाचें अपील असतें, कोणाची परीक्षा, तर कोणाच्या लग्नाचा बस्ता. जाण्याचें नक्की झालें, कीं घरांतील वडील माणसांचा पहिला प्रश्न येतो, "उतरणार कोणाकडे?" "उतरणार कोठें?" असें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. दोन्ही प्रश्नांत फरक एका शब्दाचा. परंतु त्या एका शब्दापायीं पुष्कळ कुटुंबांचे पैसे, श्रम आणि प्रसंगीं आजाऱ्याची उरलीसुरली शक्तीहि खर्चीं पडते, असें आमच्या पाहण्यांत आलें आहे. म्हणून या महिन्यांत या साध्या दिसणाऱ्या विषयाचा विचार करण्याचें योजिलें आहे.

"कोणाकडे?" हा प्रश्न मुळांत अनाठायीं नव्हता. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं तोच खरा प्रश्न होता. महाडहून मुंबईस जावयाचें म्हणजे सावित्रीच्या पाण्यानें बाणकोट गांठावें, तेथून आगबोटीनें भाऊच्या धक्क्यावर उतरावें. नाहीं तर मोटारीनें धरमतर आणि पुढें लाँच. धक्क्यावर उतरलेल्या पांढरपेशा माणसाची मुंबई फार मोठी नव्हती. गिरगांव-ठाकुरद्वारच्या चाळींतून निघालें, कीं १८४५ सालचें जे. जे. रुग्णालय, १८५७ सालीं स्थापन झालेलें विश्वविद्यालय आणि १८७८ सालीं बांधून पुरी झालेली हायकोर्टाची इमारत, हीं सारीं ठिकाणें पायांच्या किंवा ट्रॅमच्या टप्प्यांत असत. ती ट्रॅमहि १९६४ सालीं बंद झाली. नातलग गिरगांवांत आणि कामहि त्याच बाजूस, असा योग तेव्हां आपोआप जमून येई.

कष्टकरी माणसांची मुंबई निराळी होती. ती परळ, लालबाग, वरळी, शिवडीकडची. आपल्या भागांतील कित्येक गांवांच्या मंडळांनीं गिरणगांवांतील चाळींत एकेक खोली धरलेली असे. एका खोलींत पंधरा-वीस माणसें पाळीपाळीनें निजत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. जेवण खानावळवाल्या बाईकडे. गांवाहून आलेला मनुष्य, मग तो नोकरीच्या शोधांत असो वा औषधपाण्यासाठीं आलेला असो, सरळ त्या खोलीवर जाई. त्याला पत्ता विचारावा लागत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. पुढें एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांबरोबर हा आसराहि बव्हंशीं मोडला.

येथें एक गोष्ट स्पष्टपणें लिहिणें अवश्य आहे. "आपली वस्ती" पाहून उतरण्याच्या रीतींत जुन्या काळीं जातीचाहि भाग होताच. कित्येक खानावळींच्या पाट्यांवरच जेवणाऱ्याची जात लिहिलेली असे. ज्या महाडांत २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें, त्या महाडच्या माणसांनीं तरी "तेथें आपले लोक आहेत ना?" हा प्रश्न बिऱ्हाड शोधतांना सोडून दिला पाहिजे. स्वच्छ पाणी, बेताचे जिने आणि कामाची जवळीक या तीन गोष्टी पाहाव्या. त्यांना जात नसते.

आतां मुंबई कशी झाली आहे तें पाहूं. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ सालीं, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्यानें दादर-माटुंग्याच्या वसाहती आंखल्या. गिरगांवांतील मंडळी तिकडे सरकलीं. त्यांचीं मुलें पार्ल्यास गेलीं, नातवंडें डोंबिवली, बदलापूर, बोरिवली, विरार आणि खारघर येथें पांगलीं. त्या सर्वांस आपण गांवीं बसून "मुंबईचे नातलग" म्हणतों. परंतु विरारचे काका आणि बदलापूरची मावशी यांच्यामध्यें आपल्या तालुक्याहून मोठा प्रांत पसरलेला असतो, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं.

आमच्याहि तें ध्यानांत आलें नव्हतें. घरांतलीच हकीकत आहे. आमच्या पोलादपूरच्या आत्याबाईंना परळास किरणोपचार घ्यावयास सांगितलें. वय पंचाहत्तर, त्यांत गुडघे धरलेले. उपचार सोमवार ते शुक्रवार, रोज, असे सहा आठवडे. आणि मध्यें खंड पडूं देऊं नये, अशी डॉक्टरांची ताकीद. परळाजवळ एखादी खोली पाहावी, असें आमच्यापैकीं एकानें सुचविलें; तोंच डोंबिवलीच्या धाकट्या बंधूंचा फोन आला. "आत्या, माझें तीन खोल्यांचें घर असतांना तूं लॉजमध्यें उतरणार? लोक मला काय म्हणतील?" त्या बोलण्यांत माया होती आणि थोडा मानाचाहि प्रश्न होता. आम्हीं सर्वांनीं माना डोलविल्या. आत्याबाईंना मात्र कोणीं विचारलें नाहीं.

डोंबिवली ते दादर हें अंतर सुमारें ४० किलोमीटरांचें. कागदावर तें तासाभराचें दिसतें. परंतु घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षा, मग पुलाचे जिने, मग गर्दीची लोकल, दादरला पुन्हां जिने, पुन्हां टॅक्सी, असें करीत रुग्णालयांत पोहोंचावयास दोन तास लागत आणि परतीस तितकेच. प्रत्यक्ष उपचार कांहीं मिनिटांचा. घरीं सूनबाईंनीं मऊ भात, ताक, निजावयास निराळी खोली, सारें केलें होतें. पण त्या सुखाचा उपभोग घ्यावयास आत्याबाई घरीं असत किती? दुसऱ्या आठवड्यांत एका सकाळीं डोळ्यांदेखत तीन गाड्या गेल्या, पण त्यांना चढतां आलें नाहीं. ठरलेली वेळ टळली आणि त्या दिवसाचा उपचार बुडाला. त्या रात्रीं त्या एवढेंच म्हणाल्या, "बाबांनो, दुखण्याचें मला भय नाहीं, पण या गाडीनेंच मी संपेन."

दोन दिवसांत आम्हीं दादर पूर्वेस तळमजल्यावरची एक लहानशी खोली घेतली. हें आधींच करतां आलें असतें, ही रुखरुख आमच्या मनांत अजून आहे. आणि ती इतरांच्या वांट्यास येऊं नये, हाच हें लिहिण्याचा हेतु.

तेव्हां पहिला नियम असा, कीं बिऱ्हाड कामावरून ठरवावें. दुखण्यासाठीं जाणाऱ्यांचा ओढा बहुधा परळाकडे असतो. के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालचें, मुलांचें वाडिया रुग्णालय १९२९ सालचें आणि टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं सुरू झालेलें. तिन्ही एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. तेथें काम असेल तर परळ, दादर पूर्व, नायगांव, शिवडी या पट्ट्यांतच राहावें. कर्करोग्यांकरितां दादरला गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा आहे व वांद्र्यास डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नांवाचें निवासगृह आहे. अशा जागांची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागांत पहिल्याच दिवशीं करावी. शेवटीं करूं म्हटलें, तर जागा भरलेल्या असतात. आणखी एक सूचना: टाटा रुग्णालयाचेंच दुसरें केंद्र खारघरला आहे. कागदावर कोणत्या ठिकाणाचें नांव आहे, तें नीट वाचावें. खारघरचें असेल, तर दादरला उतरणें हें उलट्या दिशेचें होईल. तेथें खारघर किंवा पनवेलच सोयीचें.

कचेरीच्या कामांतहि हीच चूक होते. कोंकण विभागाच्या आयुक्तांची कचेरी बेलापूरच्या कोंकण भवनांत आहे. तेवढ्यासाठीं मुंबई बेटावर पाऊल टाकण्याचें कारण नाहीं. काम मंत्रालयांत किंवा हायकोर्टांत असेल, तर मात्र गिरगांव किंवा फोर्टाची बाजू अजूनहि उत्तम. २०२५ सालीं भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत गेली व गिरगांवांतहि तिचें स्थानक झालें. त्यामुळें जुन्या गिरगांवाची जुनी सोय नव्या वाटेनें परत आली आहे, असें म्हणतां येईल. परदेशीं असलेल्या मुलांकडे निघालेल्या आईबापांना अमेरिकेच्या वकिलातींत जावें लागतें; ती २०११ पासून वांद्रें-कुर्ला संकुलांत आहे, तेव्हां वांद्रें, कुर्ला, शीव यांपैकीं एक ठिकाण निवडावें. विमानाच्या तिकिटावर विमानतळाचें नांवहि पाहावें. कारण २०२५ च्या डिसेंबरपासून पनवेलजवळच्या नव्या विमानतळावरूनहि विमानें सुटूं लागलीं आहेत. बस्त्यासाठीं जाणाऱ्यांस दादरसारखें ठिकाण नाहीं. आणि परीक्षेस जाणाऱ्या मुलांनीं केंद्राचा पत्ता हातीं येईपर्यंत जागा ठरवूंच नये.

दुसरा नियम: आपण कोठें उतरतों तेंहि पाहावें. महाडाजवळच्या वीर स्थानकावरून सावंतवाडी-दिवा पॅसेंजरनें जाल, तर ती गाडी दिव्यासच संपते. तेथून ठाणें व डोंबिवली जवळ, गिरगांव दूर. पनवेलला एस. टी. सोडली, तर हार्बरची लोकल कुर्ला, वडाळा, शिवडी करीत बोरीबंदरापर्यंत नेते. परळच्या रोग्यास शिवडीचें स्थानक उपयोगी पडतें. स्वतःची मोटार असेल, तर जानेवारी २०२४ मध्यें खुला झालेला समुद्रावरचा अटल सेतु न्हावा-शेव्याच्या बाजूनें थेट शिवडींत आणून सोडतो. घाटानें पुण्यास जाणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. त्याविषयीं पुढें केव्हां तरी लिहूं.

तिसरा नियम गृहिणींसाठीं, कारण हें पाहण्याची दृष्टि त्यांनाच असते. जागा ठरवितांना भाड्याआधीं जिने मोजावे. उद्वाहन असेल तर तें रात्रीं चालू असतें कीं नाहीं, हें विचारावें. शौचकूप खोलींत आहे कीं सज्जाच्या टोकास, पाणी किती वाजतां येतें, पेज शिजविण्यापुरती चूल पेटवूं देतात कीं नाहीं, हें आधींच विचारून घ्यावें. पावसाळ्यांत जावयाचें असेल, तर दादर-परळमधील हिंदमाता आणि शीवचा सखल भाग पाणी तुंबण्याबद्दल पूर्वापार प्रसिद्ध आहेत, हें विसरूं नये. आणि सोबतच्या मंडळींत जो सर्वांत अशक्त असेल, त्याच्या पायांनीं हीं सर्व अंतरें मोजावीं. तरण्या मुलाच्या "दहा मिनिटांवर" या शब्दांवर विसंबूं नये.

आतां राहतो तो नाजूक भाग. नातलगांना वाईट वाटेल त्याचें काय? आमचें मत असें, कीं वाईट वाटतें तें दुसरीकडे राहण्याचें नव्हे, तें न सांगतां राहण्याचें. "कामाचे दिवस परळास काढतों, शनिवार-रविवार तुमच्याकडे येतों", असें आधींच मोकळेपणानें कळविलें, तर बहुतेक ठिकाणीं रुसवा राहत नाहीं. शिवाय मुंबईच्या घरांत नवराबायको दोघेंहि पहाटे उठून कामावर जाणारीं असतात. सहा आठवड्यांचा पाहुणा कितीहि प्रिय असला, तरी त्यांच्या सकाळी त्यांच्या राहत नाहींत, आणि तीं तोंडानें कधीं बोलत नाहींत. यजमानानेंहि पाहुण्याच्या या व्यवस्थेंत आपला अपमान पाहूं नये. नातलग आपल्या घरीं किती रात्रीं निजला, यावरून नात्याचें माप घेण्याचे दिवस गेले. मुंबईच्या नातलगाचा खरा उपयोग निराळाच आहे: पाहुणे निघण्यापूर्वीं त्यानें ती खोली स्वतः जाऊन पाहावी. जाहिरातींतलें चित्र आणि खरा जिना यांत किती अंतर असतें, तें मुंबईकरच ओळखूं शकतो.

डोंबिवलीच्या बंधूंना प्रथम वाईट वाटलें, हें खरें. दोन दिवस त्यांचा फोन नव्हता. तिसऱ्या दिवशीं सूनबाई कचेरींतून परस्पर दादरला आल्या, त्यांनीं खोली पाहिली, मोरींत घालावयास एक खडबडीत चटई आणि एक लहान शेगडी आणून दिली, आणि आत्याबाईंना म्हणाल्या, "आत्या, आजपासून शनिवारीं दुपारीं गाडीला गर्दी नसतांना मी तुम्हांला न्यावयास येईन. सोमवारीं पहाटे हे टॅक्सीनें आणून सोडतील." त्याप्रमाणें उरलेले आठवडे गेले. बुडालेला एक दिवस डॉक्टरांनीं शेवटीं जोडून दिला. पुढें एकहि चुकला नाहीं.

आत्याबाई आतां पोलादपूरला आहेत. तपासणीसाठीं मुंबईस जाण्याची वेळ आली, कीं त्या स्वतःच फोन करतात आणि आधीं दादरच्या खोलीची चौकशी करतात. डोंबिवलीस कोणत्या शनिवारीं यावें, हें त्या सूनबाईंना मागाहून विचारतात.