लर्चरचे कुलगोत्र

गेल्या महिन्यात एका स्नेह्यांकडे श्वानांविषयी बोलणे चालले होते. विलायतेतील 'लर्चर' कुत्र्याचे नाव निघताच आमच्या एका विद्वान मित्रांनी नाक मुरडले. "ग्रेहाउंडसारखे जातिवंत रक्त घ्यावयाचे आणि मेंढपाळाच्या कुत्र्याशी संबंध करून ते बिघडवावयाचे, यात कसले आले आहे शहाणपण?" असा त्यांचा सवाल होता. हा सवाल एकट्या त्यांचा नव्हे. 'संकर' हा शब्द कानी पडताच भेसळीची आणि बाटल्याची कल्पना मनात उभी राहावी, हा आमच्या सुशिक्षित वर्गाचा स्वभावच होऊन बसला आहे. म्हणून या मताचा परामर्श घेणे आम्हास अवश्य वाटते.

प्रथम ग्रेहाउंडकडे पाहू. नजरेवर शिकार धरणाऱ्या कुत्र्यांत त्याच्या तोडीचा धावणारा नाही. खोल छाती, लवचीक कणा आणि लांब पाय यांच्या बळावर तो ताशी सुमारे ७० किलोमीटरचा वेग गाठतो. परंतु हा वेग थोड्या क्षणांचा. त्याची कातडी पातळ, केस आखूड, अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. थंडीपावसात तो काकडतो आणि काटेरी तारेने त्याचे अंग सहज फाटते. शिकार झुडपाआड गेली की वासावरून तिचा माग काढण्याकडे त्याचा ओढा नसतो, आणि एकदा धाव सुरू झाली की धन्याची हाक त्याच्या कानात शिरत नाही. शतकानुशतके एकाच गुणासाठी निवड झाली, त्या गुणाची ही किंमत होय.

आता ब्रिटनमधील सशांची शिकार करणाऱ्याची गरज पाहा. तेथील शेतीस बिळात राहणाऱ्या सशांचा मोठा उपद्रव. त्यांना धरावयाचे तर कुत्रा रात्री दिव्याच्या झोतात धावला पाहिजे, कुंपण ओलांडता आले पाहिजे, ससा आडवा वळला तर स्वतःही वळला पाहिजे आणि धरलेला ससा धन्याच्या हाती आणून दिला पाहिजे. बिळात फेरेट सोडले असता मुकाट्याने वाट पाहणेही त्याला आले पाहिजे. इतके सारे एकट्या ग्रेहाउंडकडून कसे व्हावे? म्हणून त्यात कोलीचे रक्त घालतात. मेंढरे वळणाऱ्या या कुत्र्यापासून आज्ञाधारकपणा, चिकाटी, जाड केस आणि धन्याच्या मनातले ओळखण्याची बुद्धी येते. वेग कमी पडला तर त्या पिलाचा पुन्हा ग्रेहाउंडशी संबंध करतात. लहान चणीचा कुत्रा हवा असेल तर व्हिपेट आणि बेडलिंग्टन टेरियर यांचे मिश्रण करतात; त्यातून नाक आणि हिंमत साधते. दूर पल्ल्यासाठी सलुकी घेतात. प्रत्येक मिश्रणामागे जमिनीचा आणि शिकारीचा हिशेब असतो.

आक्षेपक म्हणतील, 'असेल. पण यात मूळ रक्ताची शुद्धी गेली!' आम्ही विचारतो, ही शुद्धी कधीपासूनची? अठराव्या शतकात लॉर्ड ऑर्फर्ड यांनी ग्रेहाउंडमध्ये बुलडॉगचे रक्त घातले, असे जुने ग्रंथकारच सांगतात. लंडनचा केनेल क्लब स्थापन झाला १८७३ साली, आणि ग्रेहाउंडांची वंशावळीची वही निघाली १८८२ साली. कुत्रा मात्र त्याच्या कितीतरी शतके आधीपासून धावत होता. काम आधी होते, वही मागाहून आली. आणि आता वहीनेच कामाला कुलगोत्र विचारावे, हा न्याय उफराटा नव्हे काय?

तथापि संकर म्हणजे किमयागाराची मुळी, असे समजणाऱ्यांनाही आमचा पाठिंबा नाही. एकाच वेतातील पिले सारखी निघत नाहीत. एखाद्यास ग्रेहाउंडचा हट्ट आणि कोलीचा मंद वेग असा उलटाच वारसा मिळतो. कोलीच्या वंशातील काही कुत्र्यांना विशिष्ट औषधे बाधतात, आणि तो दोषही रक्ताबरोबर पुढे जाऊ शकतो. शिवाय ग्रेहाउंडच शुद्ध राखला नाही, तर उद्या संकर तरी कशाशी करणार? शुद्ध वाण हे बियाणे होय आणि संकर हे पीक. बियाणेच दळून खाणारा शेतकरी शहाणा म्हणावा काय?

खरे पाप याहून निराळे आहे. इंग्लंड व वेल्समध्ये २००४ चा शिकारीचा कायदा फेब्रुवारी २००५ मध्ये अमलात आला. त्याने रानसशांमागे कुत्रे सोडण्याच्या शर्यतींवर बंदी घातली. जमीनमालकाच्या संमतीने बिळातल्या सशांची शिकार मात्र मोकळी ठेवली. लर्चरचे काम असे आकसले. तरीही बेकायदेशीर शर्यतींच्या हौसेपायी पैदास करणारे आहेतच. आणि जे पिलू मनाजोगते निघत नाही ते रस्त्यावर येते. तेथील निराश्रित कुत्र्यांच्या आश्रमांत लर्चर वारंवार दिसतो, तो या बेजबाबदारीमुळे. त्या जिवाने कोणाचा अपराध केला होता?

हा सारा प्रश्न आम्हास परका नाही. आमच्याकडील कारवानी आणि मुधोळचा कुत्रा हे याच नजरेच्या शिकाऱ्यांच्या कुळातले. मुधोळच्या कुत्र्यावर २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिकीटही काढले. त्याच्या रक्तात विलायती रक्त मिसळू पाहणाऱ्यास आम्ही तीनच प्रश्न विचारू. कोणत्या कामासाठी? मूळ वाण जपून ठेवले आहे काय? आणि जी पिले कामास येणार नाहीत, ती मरेपर्यंत कोण सांभाळणार? या तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तरे असतील तर त्याने खुशाल संकर करावा. आमची हरकत नाही. नसतील, तर पदरी वंशावळीची वही असली काय आणि नसली काय, आमच्या लेखी तो सारखाच दोषी. आमच्या विद्वान मित्रांनी पुढच्या खेपेस नाक मुरडावयाचेच असेल, तर ते या माणसाला पाहून मुरडावे. कुत्र्याने त्यांचे काहीएक बिघडवलेले नाही.