न्याय्य दराची कॉफी

लखनऊ छावनीतून हजरतगंजात उतरणाऱ्या मराठी मंडळींस तेथील कॉफी हाउस अपरिचित नाही. परंतु यशपाल, अमृतलाल नागर प्रभृती साहित्यिकांच्या बैठकींची जितकी कीर्ती झाली तितकी त्यामागील सहकाराची झाली नाही, हे मला किंचित अन्यायाचेच वाटते. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करण्याचे ठरविले तेव्हा बरतर्फीची पाळी आलेल्या नोकरांनी, कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने, १९५७ पासून ठिकठिकाणी सहकारी संस्था स्थापून तो कारभार स्वतःच्या हाती घेतला.

तथापि पेला भरणाऱ्यास न्याय मिळाला म्हणजे मळेवाल्यास तो मिळतोच, असे नाही. निर्यातीवर मर्यादा घालून भाव सावरून धरणारी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटापद्धती १९८९ साली मोडली आणि भाव कोसळले. त्याच्या आदल्याच वर्षी हॉलंडात मेक्सिकोच्या लहान शेतकऱ्यांची कॉफी ‘मॅक्स हावेलार’ या मुद्रेने विकण्याचा उपक्रम सुरू झाला होता. अशा उपक्रमांतूनच पुढे उभ्या राहिलेल्या फेअरट्रेड व्यवस्थेने २०२३ मध्ये ठरविलेल्या दरानुसार धुतलेल्या अरेबिकास पौंडामागे किमान १.८० डॉलर मिळावेत, बाजारभाव चढा असल्यास तोच मिळावा, आणि वर २० सेंटांचे अधिमूल्य संस्थेकडे जमा व्हावे, ज्याचा विनियोग सभासदांनी सभेत ठरवावयाचा. आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यातले आदिवासी उत्पादकही या मार्गाने गेले.

यात उणिवा नाहीत असे कोण म्हणेल? प्रमाणपत्राची फी बहुधा उत्पादकांच्याच संस्थेस भरावी लागते, आणि या अटींवर गिऱ्हाईक न मिळालेला माल खुल्या बाजारात चालू भावानेच जातो.