घाट शेजाऱ्याचा, देव आपला

परमुलखात गेलेला माणूस घर बांधतो तेव्हा त्याची संस्कृती त्या घरात कुठे शोधायची? बहुतेक जण दर्शनी भिंतीकडे पाहतात. मला ते पटत नाही, आणि माझ्या बाजूने साक्ष द्यायला सुरत शहर पुरेसे आहे.

सुरतेत इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांच्या जुन्या दफनभूमी आहेत. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये वारला, तो तिथेच आहे. डचांकडे आहे व्हान रीड, मृत्यू १६९१. 'हॉर्तुस मलाबारिकुस' ग्रंथाचा हा कर्ता आपल्याला परका नाही. त्या ग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे कोकणी वैद्य राबले होते. दोघांची थडगी लांबून पाहिली तर मोगल सरदारांचे मकबरे वाटावेत, असे घुमट आणि अशा कमानी! वैभव मिरवायला परक्यांनी शेजाऱ्याचाच घाट उचलला.

आता उधना, लिंबायत भागात या. यंत्रमागाच्या कामासाठी खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे इथे राहतात. घरे अरुंद, एकाला एक चिकटलेली. खानदेशी धाब्याचे घर इथे कोण बांधणार? पण श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्याच खोलीत कानबाई बसते. नारळाला नथ-दागिने घालून देवी सजते, रोटांसाठी भाऊबंद जमतात आणि सोमवारी तिला निरोप देतात. खानदेशातून वाहत आलेली तापीच सुरतेला समुद्राला मिळते, हाही एक योगच. त्या दोन दिवसांपुरते ते घर पुरते खानदेशी असते.

मेलबर्नला गेलेल्या इटालियन लोकांचेही असेच. घर ऑस्ट्रेलियन वस्तीतले, पण गॅरेजात नाहीतर तळघरात दुसरे स्वयंपाकघर, वर्षभराचा टोमॅटोचा रस्सा शिजवून बाटल्यांत भरण्यासाठी. अंगणात अंजिराचे झाड.

आपण गोवेकरांनी तर हे सोळाव्या शतकातच केले आहे. १५६० साली कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला. पुढे उभ्या राहिलेल्या देवळाने घुमट आणि कमानी आजूबाजूच्यांकडून घेतल्या. म्हणून तो मंगेश कुणाला परका वाटला का?

हे आज सांगायचे कारण, आपल्याकडे उलटेच चालले आहे. बाल्कांव, चिरे, नळ्यांचे छप्पर असलेले 'गोंयकार पद्धतीचे' बंगले विकले जातात आणि वर्षातले बहुतेक महिने कुलूपबंद असतात. त्या बाल्कांवावर संध्याकाळी कोणी बसत नाही, दारच्या तुळशीला पाणी कोणी घालत नाही. वारसा म्हणून आपण चिऱ्यांचीच मोजदाद करत राहिलो तर हातात देखणी थडगी उरतील. लिंबायतच्या भाड्याच्या खोलीत खानदेश नांदतो आहे. आपल्या वाड्यांत गोवा नांदतो का, ते आधी पाहायला हवे.