पीएच ३ वरून ६ झाला, म्हणजे पाणी साफ झालं का?

चंद्रपूरजवळ दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुस या पट्ट्यात कोळशाच्या खाणी आहेत. कोळशासोबत अनेकदा पायराइट हे लोह आणि गंधकाचं खनिज असतं. त्याला हवा-पाणी लागलं की सल्फ्युरिक ॲसिड तयार होऊ शकतं. खाणीतून बाहेर सोडलेल्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९ मध्ये हवा, असा नियम आहे. पण आंबट पाण्यात चांगलं पाणी ओतूनच आकडा बसवला तर?

आधी गणित

पीएचची मोजपट्टी साधी नाही. एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट जास्त. समजा, पीएच ३ चं १ लिटर पाणी घेतलं आणि त्यात शुद्ध पाणी मिसळत गेलो:

- एकूण १० लिटर झाल्यावर पीएच ४
- १०० लिटर झाल्यावर ५
- १,००० लिटर झाल्यावर जवळपास ६

म्हणजे मीटरवर फक्त ३ अंक हलवायला हजारपट पाणी लागलं. १० लाख लिटर केले तर? याच हिशोबाने ९ यायला हवा, पण येत नाही. पाण्यात स्वतःचे हायड्रोजन आयन असतात, त्यामुळे आकडा ७ च्या आसपास थांबतो. ॲसिड कितीही पातळ करा, ते अल्कली होत नाही.

नदीत मात्र आकडा लवकर चढतो. नदीच्या पाण्यातलं बायकार्बोनेट आम्लाला खरोखर मारतं. नुसतं पातळ होणं आणि मारलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरी गोम इथे आहे

पीएच सुधारला तरी सल्फेट कुठे जात नाही. १ लिटरमधलं १,००० मिलिग्रॅम सल्फेट १० लिटरमध्ये पसरलं, तर दर लिटरला १०० मिलिग्रॅम दिसेल. पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा २०० आहे, म्हणजे रिपोर्ट ‘पास’! पण नदीत गेलं तेवढंच, पूर्ण १,००० मिलिग्रॅम. लोह तर पिवळट-नारिंगी गाळ होऊन तळाशी बसतं.

इरई नदी वर्धेला मिळते. पुढे वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि गडचिरोलीच्या कडेने सिरोंचाजवळ गोदावरीला जाते. ऑगस्टच्या पुरात जे पाणी खपून जातं, तेच मे महिन्यात आटलेल्या पात्रात भारी पडू शकतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये औष्णिक वीज, कागद अशा १७ प्रकारच्या उद्योगांना ऑनलाइन मीटर लावायला सांगितलं. मीटर चांगलाच आहे, पण तो समोर आलेलं पाणी मोजतो. त्यात आधी काय मिसळलं, हे त्याला कळत नाही.

म्हणून पुढच्या वेळी मोबाईलवर ‘पीएच नॉर्मल’ दिसलं की तीन प्रश्न विचारा: नमुना मिसळण्याआधीचा की नंतरचा? कोणत्या महिन्यातला? आणि दिवसाला एकूण किती पाणी सोडलं? या तीन उत्तरांशिवाय पीएचचा आकडा अर्धवटच आहे.